भूतदयेचा तळ

काशीहून रामेश्वराला निघालेल्या कावडीतली गंगा एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. भूतदया म्हणजे काय, हे मराठी मुलाला बहुधा याच कथेतून पहिल्यांदा कळते. जेवणाआधी काढून ठेवलेला गोग्रास, श्राद्धाच्या दिवशी कावळ्यासाठी वाढलेले पान, वारुळापाशी टाकलेली चिमूटभर साखर, गृहस्थाच्या पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ, या साऱ्यांमागे एकच शिकवण आहे: आपल्या घरच्या अन्नपाण्यावर घराबाहेरच्या जिवांचाही हक्क आहे. मात्र या सगळ्या प्रसंगांत तो जीव आपल्यासमोर असतो. गाढवाची तहान डोळ्यांना दिसते, कावळा पानावर उतरतो, मुंगी साखरेचा कण उचलून नेते. आपली दया जागी व्हायला समोर कोणीतरी लागते. मग जो जीव आपण कधीच पाहणार नाही, ज्याला आवाज नाही, ज्याला वेदना होते की नाही हेही सांगता येत नाही आणि ज्याच्या संख्येचा विचार करताना मती गुंग होते, तो जीव भूतदयेतल्या 'भूत' या शब्दात येतो का? येत असेल, तर त्याच्यावर दया करायची म्हणजे नेमके काय करायचे? शब्दाचा कीस काढण्यासाठी हा प्रश्न विचारलेला नाही. समुद्राच्या तळाशी असे जीव खरोखर आहेत आणि त्यांच्याविषयी निर्णय घेण्याची वेळ आपल्याच पिढीवर आली आहे.

समुद्रतळाचा गाळ एक मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून धुतला, की वर शिंपले, मोठे कृमी, लहान खेकडे राहतात. त्या चाळणीतून खाली निसटणारे, पण मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाएवढ्या छिद्रांच्या दुसऱ्या चाळणीवर अडकणारे जे प्राणी, त्यांना मॉली मेअर या संशोधिकेने १९४२ मध्ये 'मायोबेंथॉस' असे नाव दिले. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ 'तळावरचे लहान जीव' असा होतो. किनाऱ्याजवळच्या चिखलात एका चौरस मीटरमध्ये त्यांची संख्या सहज दहा लाखांच्या घरात जाते. त्यांत सर्वाधिक भरणा सूत्रकृमींचा. खोल समुद्रात तर यांतल्या दर दहा प्राण्यांमागे साधारण नऊ सूत्रकृमीच असतात. त्यांच्या जोडीला कोळंबीचे दूरचे नातलग असलेले कोपेपॉड, काटेरी डोके आत-बाहेर करत गाळात घुसणारे किनोरिंक, आठ आखूड पायांचे टार्डिग्रेड असतात. त्यांच्यात राहणारे फोरॅमिनिफेरा तर प्राणीही नव्हेत. ते चुन्याचे किंवा वाळूच्या कणांचे कवच बांधणारे एकपेशीय जीव आहेत. गिझाचे पिरॅमिड ज्या चुनखडीचे आहेत, तिच्यात याच कुळातल्या, पण नाण्यासारख्या मोठ्या कवचांचा खच आहे. ती कवचे म्हणजे मजुरांच्या जेवणातली उरलेली आणि दगड झालेली मसूर, अशी समजूत स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकाराने नोंदवून ठेवली आहे. आणि ही सगळी ओळख अजून अपुरीच आहे. १९८३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ राइनहार्ट क्रिस्टेन्सन यांनी फ्रान्सच्या रॉस्कॉफ किनाऱ्याजवळच्या गाळातून मिळालेल्या प्राण्याच्या आधारे 'लोरिसिफेरा' हा प्राण्यांचा एक आख्खा नवा संघ जगापुढे ठेवला. गोगलगाय, शिंपला आणि माकूळ हे सगळे मिळून एक संघ होतो, हे लक्षात घेतले तर या शोधाचे माप कळते. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतरही इतकी मोठी शाखा पायाखालच्या गाळात अनोळखी राहिलेली होती.

हे प्राणी गाळात राहतात एवढेच म्हणणे अपुरे आहे, कारण गाळाचे आजचे रूप बऱ्याच अंशी त्यांच्या राहण्यातून घडलेले आहे. डार्विनने १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेले आपले शेवटचे पुस्तक गांडुळांवर लिहिले. शेताची वरची माती गांडुळांच्या पोटातून पुन्हा पुन्हा जाऊन तयार होते, हे त्याने त्यात वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांनी दाखवून दिले. समुद्रतळावर तसेच काम याहून कितीतरी लहान मापात चालते. किनारी चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. तिथे सूत्रकृमींच्या अविरत वळवळीने बारीक वाटा पडतात आणि त्यांतून पाणी झिरपते. सूत्रकृमींच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट द्रवावर जीवाणू वाढतात, आणि त्यांतलेच जीवाणू ते खातात. चरलेल्या कुरणात जसे कोवळे गवत फुटत राहते, तशी जीवाणूंची वसती या चरण्यामुळे ताजी आणि कामसू राहते. याचा परिणाम मोजता येतो. शेतातल्या खतांमधून वाहून आलेल्या नायट्रेटचे वायूत रूपांतर करून जीवाणू ते पुन्हा हवेत सोडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाल्टिक समुद्राच्या गाळावरच्या प्रयोगात, ज्या गाळात हे लहान प्राणी मुबलक आणि विविध होते तिथे ही क्रिया, ते कमी असलेल्या गाळाच्या सुमारे दुप्पट झाली. त्याआधी २००८ मध्ये रॉबर्टो डॅनोव्हारो आणि सहकाऱ्यांनी खोल समुद्रातल्या ११६ ठिकाणांची माहिती एकत्र पाहिली. सूत्रकृमींची विविधता घटते तशी तिथल्या परिसंस्थेची कामे त्याहून कितीतरी झपाट्याने मंदावतात, असे त्यांना आढळले.

इतके कळल्यावर आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर सहज सुचते: हे जीव उपयोगी आहेत, म्हणून त्यांना जपावे. हे उत्तर खोटे नाही. खाडीच्या चिखलात भराव घालणाऱ्याला किंवा सांडपाणी सोडणाऱ्याला ते ऐकवलेच पाहिजे. पण जिथे त्याची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच ते लुळे पडते. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्याचे उदाहरण घेऊ. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने भारतासाठी समुद्रतळावरून मँगनीजचे पहिले गोटे वर आणले. १९८७ मध्ये भारताला या गोट्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. आज भारताकडे या गोट्यांच्या शोधकार्यासाठी असलेले क्षेत्र सुमारे ७५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या वीसपट आहे. पाच किलोमीटरहून अधिक खोल असलेल्या त्या मैदानावर बटाट्याएवढे गोटे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीजसोबत निकेल, तांबे आणि कोबाल्ट आहे. तिथला गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर साचतो. गोटा तर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. अशा ठिकाणच्या चार कोसांतल्या सूत्रकृमींनी माणसाचे काय भले केले, असा हिशेब मांडला तर तो निकेलच्या भावापुढे टिकणार नाही. साऱ्या समुद्रतळाचा एकत्र विचार केला तर हे जीव अमोल ठरतात हे खरे. पण परवानगी कधीच साऱ्या समुद्रतळासाठी मागितली जात नाही. ती एकेका तुकड्यासाठी मागितली जाते, आणि प्रत्येक तुकडा नगण्यच दिसतो. जो फक्त उपयोगाचे मोल मोजतो, तो तुकड्या-तुकड्याने सगळे देऊन बसतो.

दुसरे उत्तर वेदनेचे आहे. प्राणी विचार करू शकतो का, यापेक्षा तो दुःख भोगू शकतो का हे पाहावे, असा विचार बेंथॅम या इंग्रज तत्त्वज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये 'ॲनिमल लिबरेशन' या ग्रंथात त्यावर प्राण्यांविषयीची आधुनिक नीती उभी केली. कोंबडी, डुक्कर, प्रयोगशाळेतले माकड यांच्या बाबतीत या विचाराने जगाचे डोळे उघडले, यात शंका नाही. तो गाळापर्यंत पोचतो का? सूत्रकृमींतला सर्वाधिक अभ्यासलेला प्राणी म्हणजे जमिनीत सापडणारा, एक मिलिमीटर लांबीचा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. त्याच्या शरीरात ३०२ मज्जापेशी आहेत आणि त्यांतली प्रत्येक नकाशावर नोंदलेली आहे. त्याला घातक उष्णता लागली तर तो मागे सरतो. पण मागे सरणे म्हणजे दुखणे, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फोरॅमिनिफेराला तर एकही मज्जापेशी नाही, तरीही तो कण निवडून कवच बांधतो. वेदना ही एकमेव कसोटी मानली, तर या जगाच्या बहुतेक रहिवाशांना आपल्या नीतीत जागाच उरत नाही. उलट, प्रत्येकाला वेदना होते असे धरले तर एका चौरस मीटरमध्ये दहा लाख दुःखे मोजावी लागतील, आणि अशा बेरजेतून करुणा वाढण्याऐवजी थिजून जाईल. समोरच्या डोळ्यांतले पाणी पाहून जागी होणारी माया इथवर पोचत नाही हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

तरीही आपल्या परंपरेत भूतदया केवळ मायेवर सोपवलेली नव्हती. जैन विचारात जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केली आहे. कृमी आणि शंख-शिंपल्यांतले प्राणी स्पर्श व चव ही दोन इंद्रिये असलेले मानले; त्याखाली एकाच इंद्रियाचे जीव; आणि त्याहीपलीकडे निगोद, म्हणजे एकाच देहात दाटीने राहणारे, डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव. सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी शतके आधीची ही कल्पना आहे. तिला आधुनिक जीवशास्त्राचे प्रमाणपत्र देण्याची गरज नाही, आणि ते देणे योग्यही नाही, कारण तिचा आधार निरीक्षणाहून वेगळा आहे. मला महत्त्वाची वाटते ती तिच्यातून निघालेली आचारनीती. पाणी गाळून घ्यावे, जमीन पाहून पाऊल टाकावे, वस्तू उचलताना आणि ठेवताना जपावे, या दक्षतेला जैन परंपरा 'जयणा' म्हणते. जयणा पाळणाऱ्याला पाण्यातला जीव दिसलेला नसतो आणि त्याच्याविषयी डोळ्यांत पाणीही आलेले नसते. तो फक्त स्वतःच्या हातापायांना आवर घालतो. वारकरी परंपरेची वाट वेगळी आहे, पण व्याप्ती तेवढीच. ज्ञानदेवांनी पसायदानात जे मागितले ते प्राणिमात्रांसाठी मागितले. कोणता प्राणी त्यात मोजावा याची यादी दिली नाही. 'भूत' या शब्दाचा मुळातला अर्थही तसाच मोकळा आहे. जे झाले, जे अस्तित्वात आले, ते भूत. त्या अर्थाला चेहरा लागत नाही आणि किंकाळीही लागत नाही.

केवळ शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कर्तव्य सिद्ध होत नाही, म्हणून कारण द्यायला हवे. माझ्या मते ते असे आहे. गाळातल्या प्रत्येक जिवाला स्वतःचे हित आहे. वोल्फगांग वीझर यांनी १९५३ मध्ये सागरी सूत्रकृमींचे त्यांच्या तोंडाच्या घडणीवरून चार गट पाडले: कोणी बारीक कण गिळणारे, कोणी पृष्ठभाग खरवडून खाणारे, कोणी दात असलेले शिकारी. अन्न मिळाले की यांचे बरे होते, प्राणवायू संपला की वाईट होते. हे बरेवाईट त्यांचे आहे. आपण ठरवून दिलेले नाही. दगडाचे काही बरेवाईट होत नाही. घड्याळ बिघडते, पण ते बिघडले असे आपण म्हणतो, कारण वेळ आपल्याला हवी असते; घड्याळाला स्वतःला काहीच हवे नसते. सूत्रकृमीला मात्र, त्याला जाणीव असो वा नसो, जगायचे असते या अर्थाने, की त्याचे सारे शरीर जगण्याच्याच दिशेने रचलेले आहे. पॉल टेलर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८६ मध्ये 'रिस्पेक्ट फॉर नेचर' या ग्रंथात सजीवांविषयीच्या आदराचा पाया याच गोष्टीत शोधला होता. ज्याला स्वहित आहे त्याचा निदान एक दावा उभा राहतो: मला विनाविचार नष्ट करू नका. हा दावा लहान आहे. तो माणसाच्या जिवाच्या बरोबरीचा नाही आणि प्रत्येक वेळी जिंकणाराही नाही. पण तो शून्य नाही, आणि आजवर आपण तो शून्य धरत आलो आहोत. या दाव्याला उत्तर देणारा गुण कोणता? माया तिथे पोचत नाही हे आपण पाहिले. पोचतो तो संयम. गाळापर्यंत उतरलेल्या भूतदयेचे नाव संयम आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे मान्य केले तर माणसाला हलताच येणार नाही. ओल्या वाळूत टाकलेल्या एका पावलाखाली हजारो जीव असतात. नांगर, जाळे, होडीचा नांगर, सगळेच पाप ठरेल. या आक्षेपाचे उत्तर या जिवांच्याच जगण्यात आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत दर भरतीला उलथापालथ होते. तिथले अनेक प्राणी काही आठवड्यांत पिढी पूर्ण करतात आणि ढवळलेली जागा लवकर पुन्हा भरून काढतात. तिथे एकेका जिवाचा मृत्यू हा रोजचा व्यवहार आहे. खोल मैदानाची गोष्ट निराळी. १९७८ मध्ये प्रशांत महासागराच्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात गोटे गोळा करणाऱ्या यंत्राची चाचणी झाली. २००४ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी, शास्त्रज्ञ तिथे परत गेले, तेव्हा यंत्राचा माग स्पष्ट दिसत होता, आणि मागावरच्या गाळात सूत्रकृमींची संख्या व विविधता शेजारच्या अस्पर्श गाळापेक्षा कमी होती. पेरूजवळच्या खोल समुद्रात १९८९ मध्ये तळ मुद्दाम नांगरून पाहिला होता. २०१५ मध्ये तिथेही तास जसेच्या तसे आढळले आणि सर्वाधिक बाधित जागी जीवाणूंचे काम जवळपास चौपटीने मंदावलेले होते. म्हणून संयमाचे माप मेलेल्या जिवांच्या संख्येवरून ठरवू नये. जे मोडले ते आपल्या हयातीत, आपल्या नातवंडांच्या हयातीत पुन्हा उभे राहील का, यावरून ते ठरवावे. वाळूतले पाऊल आणि तळ खरवडणारे यंत्र यांच्यातला फरक या मापाने लगेच कळतो.

दुसरा आक्षेप निसर्गाकडे बोट दाखवतो. जीवच जिवाचे अन्न आहे, सूत्रकृमी सूत्रकृमीला खातो, समुद्राखालच्या दरडी कोसळून मैलोगणती तळ गाडला जातो. मग माणसानेच हात का आखडावा? हा आक्षेप घेणारा आणि या प्राण्यांना निष्काम कर्मयोगी म्हणून वंदन करणारा भाविक, दोघेही एकच चूक करतात. दोघेही गाळातून नीतीचा धडा काढू पाहतात. एकाला तिथे हिंसेची परवानगी सापडते, दुसऱ्याला सेवेचा आदर्श. सूत्रकृमी सेवा करत नाही आणि हिंसाही करत नाही, कारण त्याच्यापुढे दोन वाटा नसतात. निष्काम कर्माला अर्थ येतो तो कामना असू शकणाऱ्याच्या बाबतीत. दरड कोसळते, पण कोसळण्यापूर्वी ती ठरावावर सही करत नाही. आपण करतो. बाल्टिकच्या गाळात परस्परावलंबन दिसले म्हणून आपण चांगले वागावे, असे मी म्हणत नाही. तिथे शिकारीशिवाय दुसरे काही दिसले नसते, तरी माझा युक्तिवाद तसाच राहिला असता. स्वहित असलेला जीव तिथे आहे, आणि तो आहे हे कळूनही थांबू शकणारा माणूस इथे आहे. विवेकाचे ओझे ज्याला विवेक आहे त्याच्यावरच पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो माणसाच्या बाजूने येतो. कोळसा आणि तेल सोडायचे तर बॅटऱ्या लागतील, बॅटऱ्यांना निकेल आणि कोबाल्ट लागते. हे धातू जमिनीतून काढताना जंगले तुटतात, नद्या गढूळ होतात, गरीब माणसे खाणीत राबतात. तिथल्या मुलाच्या आरोग्यापुढे पाच किलोमीटर खोलीवरच्या कृमीची काय मातब्बरी? मुलाचे पारडे जड आहे, हे कोणताही वादविवाद न करता मान्य करतो. पण या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे: समुद्रातली खाण सुरू झाली की जमिनीवरची बंद होईल. तशी हमी कोणी देत नाही. बाजारात धातू जास्त आला की बहुधा दोन्ही खाणी चालतात. जुन्या बॅटऱ्यांतला धातू परत मिळवणे, कोबाल्ट आणि निकेल न लागणाऱ्या बॅटऱ्या वापरणे, हे मार्ग आधीच खुले झाले आहेत. गरजेचे नाव घेणाऱ्याने आधी हे मार्ग संपल्याचे दाखवले पाहिजे. ज्याला नष्ट करायचे आहे त्याच्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी, एवढाच माझा आग्रह आहे. खरी, दुसऱ्या कशाने न भागणारी गरज उद्या सिद्ध झाली तर हा छोटा दावा मागे पडेल, हेही मी मान्य करतो. संयम म्हणजे कायमचा नकार नव्हे. संयम म्हणजे विचारण्याआधी हात न लावणे.

चौथा आक्षेप अज्ञानाचा आहे. जे आपल्याला माहीतच नाही त्याची कदर कशी करायची? क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यातल्या प्राण्यांचा २०२३ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात नोंदलेल्या पाच हजारांहून अधिक प्रजातींपैकी दहांतल्या सुमारे नऊ विज्ञानाला अजून अनामिक आहेत. याचा अर्थ एक तर असा लावता येतो, की नावच नसलेल्यांची चिंता कशाला. दुसरा अर्थ कोणत्याही सज्जन माणसाला लगेच पटेल: परक्याच्या अंधाऱ्या घरात शिरल्यावर हात जपून हलवावेत. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी याची सुरुवात केलेली आहे, याचा अभिमान वाटतो. १९९७ मध्ये गोव्याच्या संस्थेने मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात तळाची एक पट्टी मुद्दाम ढवळली आणि आधी-नंतर गाळाचे नमुने घेऊन तिथल्या सूक्ष्म प्राण्यांवर काय परिणाम होतो हे अभ्यासले. गोटे वर आणण्याच्या घाईत असलेल्या काळात, गोट्यांखालच्या कृमींची मोजदाद करायला बसलेली ही माणसे माझ्या दृष्टीने जयणाच पाळत होती. पाहून पाऊल टाकणे म्हणजे आधी पाहणे.

आता या प्रश्नात एका नावाचा विचार केलाच पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तळावर चालणारे जे खाणयंत्र बनवले आणि २०२१ मध्ये ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले, त्याचे नाव 'वराह' आहे. अभियंत्यांचे ते यश मोठे आहे. इतक्या दाबाखाली यंत्र चालवणे फार थोड्या देशांना जमले आहे. पण वराहाची कथा आपल्याला ठाऊक आहे. हिरण्याक्षाने पृथ्वी समुद्रात बुडवली, तेव्हा वराह तळाशी उतरला आणि त्याने पृथ्वी सुळ्यांवर तोलून पुन्हा तिच्या जागी ठेवली. तळाशी जाणे हे त्याचे सामर्थ्य होते. त्याचा धर्म होता तो जे हरवले होते ते परत जागेवर ठेवण्याचा. ते नाव आपण घेतले असेल, तर त्या नावासोबत येणारी जबाबदारीही घेतली आहे. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ 'मानवजातीचा सामाईक वारसा' म्हणून घोषित केला आणि १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ते तत्त्व आले. शब्द उदात्त आहे. तरीही तो अपुरा आहे, कारण माणूस जन्मण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून तिथे वसती आहे. गांधीजींनी संपत्तीबाबत विश्वस्ताची कल्पना मांडली होती. समुद्रतळाच्या बाबतीत आपले नाते त्याहून अधिक काही असू शकत नाही. विश्वस्त वापर करू शकतो, पण मालमत्ता मोडून खाऊ शकत नाही.

म्हणून निवाडा असा. गाळातला जीव भूत आहे. त्याचे मोल आपल्या उपयोगातून येत नाही, त्याच्या वेदनेवरही ते अडून नाही. त्याला स्वतःचे हित आहे, एवढे पुरेसे आहे. एकनाथांची भूतदया देण्याची होती: कावड हातात होती आणि ती त्यांनी रिती केली. समुद्रतळाला आपल्याकडून काहीच नको आहे, पाणी नको, अन्न नको, आपली मायाही नको. तिथली भूतदया न घेण्यात आहे, आणि न घेणे हे देण्यापेक्षा अवघड असते, कारण त्याचे कौतुक करायला समोर कोणी नसते. भारताच्या हाती असलेल्या त्या ७५,००० चौरस किलोमीटरच्या बाबतीत आपण नागरिकांनी तीन गोष्टी मागाव्यात. खाणीचा विचार होण्यापूर्वी तळावरच्या जीवांची गणना पूर्ण होऊन सर्वांसमोर यावी. मोठे, सलग भाग कायमचे अस्पर्श राखावेत. आणि एकदा खरवडलेला तळ पुन्हा जिवंत होतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय यंत्र कामाला लावू नये. हे पाहायला पन्नास वर्षे लागली, तर पन्नास वर्षे थांबावे. जिथे हजार वर्षांत काही मिलिमीटर गाळ साचतो, तिथे पन्नास वर्षांची वाट पाहणे फार नाही.